कोच शोधतात म्हणजे नेमकं काय करतात? (युनायटेडवाला विचारतोय)

औसारोडचा_युनायटेड (लातूर)

मंडळी, एक प्रश्न आहे. खोलीत त्यावरनं रोज वाद चाललाय. मेसवाल्या मावशींनी तर परवा सांगून टाकलं की जेवताना परत फुटबॉल काढला तर दुसऱ्यांदा भाजी मिळणार नाही.

मी लातूरला नीटची तयारी करतो. ("मग इथं काय करायलास?" असं कुणी विचारू नका, त्यासाठी घरी वडील आहेत.) रूम पार्टनर निलंग्याचा, लिव्हरपूलवाला. मी मँचेस्टर युनायटेडचा. पहिलीत असेन तेव्हा थोरल्या चुलतभावानं २०१३ ची ॲस्टन व्हिलाची मॅच दाखवली होती. व्हॅन पर्सीचे तीन गोल आणि इंग्लंडची प्रीमियर लीग खिशात. त्या दिवशी मी युनायटेडचा झालो, आणि महिनाभरात फर्ग्युसन रिटायर झाला. माझं नशीब बघा.

पार्टनर म्हणतो, तुम्हाला कोच शोधताच येत नाही. फर्ग्युसन गेल्यापासून मोयेस, व्हॅन गाल, मुरिन्यो, सोल्शर, टेन हाग, आमोरिम, मधेमधे हंगामी वेगळेच. आमचा क्लॉप गेला, आम्ही एक स्लॉट आणला, पहिल्याच वर्षी लीग. माझं म्हणणं, ह्यात शोधलं काय? क्लॉपची तयार टीम होती, कुणालाही बसवलं असतं तरी जिंकली असती. नशीब आहे सगळं.

तर जाणकारांनी सांगा. क्लब कोच शोधतो म्हणजे नेमकं काय करतो? अर्ज मागवतात का? मुलाखत घेतात का? की मालकाला जो आवडला तो? आणि एवढे आठवडे कशात जातात?

⸻

नांदेडचा_झ्लाटन

लई विचार करायलास भावा. मोठं नाव आणायचं, विषय संपला. मुरिन्यो होता तेव्हा २०१७ ला लीग कप आणि युरोपा लीग दोन्ही आणले की नाही? पुढच्या हंगामात ८१ पॉइंट घेऊन दुसरा नंबर. फर्ग्युसननंतर एवढं कुणी केलंय सांगा. ड्रेसिंग रूममधे माणूस शिरला की खेळाडू उठून उभे राहिले पाहिजेत. हे स्लॉट-बिट कोण ओळखत होतं?

⸻

पीटीचे_सर (सेलू, जि. परभणी)

झ्लाटनराव, मुरिन्योचं तुम्ही सांगितलं ते खरं आहे. पण त्याला २०१८ च्या डिसेंबरात काढल्यावर पुढचा माणूस त्याच पद्धतीचा शोधला का? आणि मुरिन्यो तरी त्याच्या आधीच्याच्या पद्धतीचा होता का? तिथंच सगळा घोळ आहे. जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

औसारोड, पार्टनरला सांग की निम्मं तुझं बरोबर आहे. निम्मं कुठलं ते खाली येईल.

आपण धरून चालतो की कोच शोधणं म्हणजे माणूस शोधणं. त्याच्या आधी एक काम असतं, ते पेपरात येत नाही. कोचनं काय करायचं आणि कशात हात घालायचा नाही, हे ठरवायचं. ते ठरवणारा माणूस कोचच्या वर बसलेला पाहिजे आणि कोचच्या आधी आलेला पाहिजे. युनायटेड आणि लिव्हरपूल यांच्यातला सगळा फरक मला ह्या एका क्रमात दिसतो.

फर्ग्युसन १९८६ च्या नोव्हेंबरात आला, २०१३ च्या मे महिन्यात गेला. १३ लीग. कागदावर मॅनेजर. प्रत्यक्षात कुणाला घ्यायचं, कुणाला विकायचं, सहायक कोण, ॲकॅडमीतलं पोरगं वर कधी आणायचं, सगळं त्याच्या डोक्यात. सौद्यांची आणि करारांची बाजू डेव्हिड गिल सांभाळायचा. आणि हे दोघं एकाच उन्हाळ्यात गेले! म्हणजे रिकामी झालेली जागा एका माणसाची नव्हतीच, चारपाच जणांच्या कामाची होती. त्या जागेत एकटा डेव्हिड मोयेस नेऊन बसवला. फर्ग्युसननंच सुचवलेला, करार सहा वर्षांचा. मोयेसनं एव्हर्टनहून स्वतःचे सहायक आणले, जुने गेले. ज्यांना रोजचं काम कसं चालतं ते माहीत होतं, तेही दाराबाहेर. २०१४ च्या एप्रिलात मोयेसला नारळ, नंबर सातवा.

पुढं काय झालं ते तुला माझ्यापेक्षा पाठ असेल. व्हॅन गालला बॉल आपल्याकडं ठेवायचा होता, मुरिन्योला तो समोरच्याकडं देऊन झडप घालायची होती, सोल्शर घरचा माणूस म्हणून आला, रांगनिक पुढं जाऊन दाबणारा, टेन हाग आयाक्सच्या शाळेतला, आमोरिम तीन डिफेंडरवाला. ह्यातला एकही मूर्ख नाही. व्हॅन गालनं एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत त्याला घरी पाठवलं, हे तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. प्रत्येकानं आपल्याला लागणारे खेळाडू विकत घ्यायला लावले. पुढच्याला ते नको होते. क्लबाला असं खेळायचंय, हे सांगणारा वर कुणी नव्हताच. जो कोच येईल त्याचंच धोरण.

आता २०२४ चा उन्हाळा घे, कारण त्याच वर्षी दोन्ही क्लब ह्याच प्रश्नापाशी उभे होते. तुलना करायला असं वर्ष परत मिळायचं नाही.

लिव्हरपूल. २६ जानेवारीला क्लॉपनं जाहीर केलं की हंगाम संपला की मी जाणार. मालकांनी पहिलं काय केलं? कोचला फोन? नाही. मार्चमधे मायकेल एडवर्ड्सला परत आणलं, तोच ज्यानं आधी सालाह वगैरे खरेदीच्या काळात तिथं काम केलं होतं. मग रिचर्ड ह्यूजला स्पोर्टिंग डायरेक्टर (खेळाडूंची खरेदी-विक्री बघणारा) ठरवलं. वरच्या दोन खुर्च्या भरल्यावर खालची यादी उघडली. सगळ्या जगाला झाबी आलोन्सो हवा होता, लिव्हरपूलचा जुना खेळाडू, आणि तो कोच असलेलं जर्मनीतलं लेव्हरकुसेन तेव्हा हरायलाच तयार नव्हतं. २९ मार्चला त्यानं सांगितलं, मी लेव्हरकुसेनलाच थांबतो. दुसरा कुठला क्लब असता तर तिथंच धावपळ सुरू झाली असती. ह्यांनी यादीत बघितलं.

यादीत काय बघतात, तर ही गोष्ट मला सगळ्यात आवडते. टीम किती जिंकली हे बघतातच, पण त्या टीमला जेवढे पैसे होते, जेवढे खेळाडू होते, त्या मानानं किती जिंकली हे बघतात. बॉल गेल्यावर परत किती लवकर मिळवते. गोलच्या संधी किती तयार केल्या आणि किती दिल्या. हाताखालची पोरं वर्षभरात सुधारली का. आणि जखमी किती होतात! कोच सरावात पोरांना रगडून काढतो की तजेलदार ठेवतो, हे त्या आकड्यात दिसतं. स्लॉटच्या फेयेनूर्डचं ह्या सगळ्यात बरं दिसत होतं, खेळायची तऱ्हा क्लॉपच्या जवळची होती, २०२३ ला डच लीगही जिंकलेली होती. असंच तेव्हा छापून आलं होतं. आणि एक गोष्ट कमी लोकांच्या लक्षात आली. क्लॉपचं पद मॅनेजर होतं, स्लॉटचं हेड कोच. खेळाडू कोण घ्यायचा ह्यात तो मत देणार, पण ते खातं दुसऱ्याचं. त्याला हे आधीच माहीत होतं, कारण हॉलंडात तसंच चालतं.

म्हणून तुझं निम्मं बरोबर. तयार टीम मिळाली हे खरंच. पहिल्या उन्हाळ्यात लगेच खेळायला आलेला मोठा खेळाडू म्हणजे एकटा किएझा, तोही फारसा खेळला नाही. पण ती तयार टीम ज्याच्या हातात शोभेल असाच माणूस त्यांनी हुडकला. शोध म्हणतात तो हाच की! २७ एप्रिल २०२५ ला टॉटनहॅमला ५-१ हरवून चार मॅच शिल्लक ठेवून लीग. क्लबाची विसावी.

आता आपलं घर. मे २०२४, टेन हागनं मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकलेला. लीगमधे नंबर आठवा. नवे भागीदार रॅटक्लिफ, त्यांनी आढावा घ्यायला घेतला, दुसऱ्या कोचांशीही बोलून बघितलं. कुणी जमेना, तेव्हा टेन हागचाच करार २०२६ पर्यंत वाढवला. वर बसायचा माणूस डॅन ॲशवर्थ, तो कामावर आला १ जुलैला. म्हणजे कोच ठेवायचा की काढायचा हा खल झाला जूनमधे आणि तो ठरवायला ज्याला आणलं तो आला जुलैत! ऑक्टोबरच्या २८ तारखेला टेन हागला नारळ. डिसेंबरात ॲशवर्थलाही. दोघांना (आणि टेन हागच्या सहायकांना) घरी पाठवायचा खर्च क्लबाच्या हिशेबात १ कोटी ४५ लाख पौंड पडला.

मग आमोरिम. माणूस हुशार, पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबाला लीग जिंकून दिलेला. पण त्याची पद्धत तीन मागं, दोन कडेनं मागंपुढं धावणारे. आणि टीम कशी भरलेली? विंगरांनी, म्हणजे पुढंच कडेला राहून हल्ला करणाऱ्यांनी. रॅशफर्ड, गार्नाचो, आंतोनी. त्या पद्धतीत त्यांना उभं कुठं करायचं? जानेवारीत आंतोनी बेटिसला, रॅशफर्ड व्हिलाला. त्या हंगामात लीगमधे पंधरावा नंबर आणि बिल्बाओला युरोपा फायनल टॉटनहॅमकडून १-०. आमच्या शाळेतली आठवीतली पोरंसुद्धा दुसऱ्या दिवशी विचारत होती, "सर, ह्याला आणताना कुणी विचारलं नव्हतं का, तू कसं खेळवतो म्हणून?"

विचारलं असणारच. उत्तर ऐकून आपल्याकडच्या माणसांकडं कुणी बघितलं नाही.

⸻

औसारोडचा_युनायटेड

सर, हे पार्टनरला मोठ्यानं वाचून दाखवलं. निम्म्यावर तो खूश होता, नंतर मीही गप्प झालो. एक राहिलं. आमोरिमला आणायला स्पोर्टिंगला पैसे कशाला दिले? खेळाडूचं कळतं. कोच म्हणजे नोकरी की, राजीनामा द्यायचा आणि निघायचं.

⸻

ट्यूशन_एरिया (लातूर)

हे मी सांगतो, कारण लातूरला राहून तुला हे कळू नये म्हणजे कमाल आहे. मी उद्योग भवनाच्या मागं एका क्लासच्या ऑफिसात काम करतो. ऑक्टोबरात, बॅच अर्धी झालेली असताना, शेजारच्या क्लासनं आमचा फिजिक्सचा सर उचलला तर काय होतं? पोरं त्याच्यामागं जातात, पालक फी परत मागतात, बोर्डावरचा फोटो उतरवावा लागतो. म्हणून बॉण्ड असतो. जायचं तर जा, पण नुकसानभरपाई टाकून जा. ती सर कधीच भरत नाही, त्याला नेणारा क्लास भरतो.

फुटबॉलात तेच, फक्त आकडे बघून घाम फुटतो. कोचचा करार ठरावीक वर्षांचा असतो आणि मधेच सोडायची मुभा सहसा नसते. काहींच्या करारात रक्कम लिहिलेली असते, तेवढी दिली की वाट मोकळी. आमोरिमची १ कोटी युरो होती. वर नोटिशीचा काळ होता, तो थोडा आधी संपवायला आणखी १० लाख. तरीसुद्धा तो नोव्हेंबरच्या ११ तारखेलाच आला, तोपर्यंत हंगामी कोच म्हणून व्हॅन निस्टलरॉयनं गाडा ओढला. म्हणजे तुझ्या "आठवडे कशात जातात" ह्याचं एक उत्तर हेच. स्लॉटसाठी फेयेनूर्डला नव्वद लाख पौंडांच्या घरात दिले. २०२२ ला चेल्सीनं ब्रायटनकडून ग्रॅहम पॉटर नेला तेव्हा दोन कोटी पौंडांच्या वर. आणि सात महिन्यांत त्याला काढला.

ब्रायटनचं मात्र मानलं पाहिजे. ह्यांचा कोच गेला की ह्यांच्या खिशात पुढच्याचं नाव असतं. पॉटर गेला, दहा दिवसांत दे झेर्बी. तो गेला तर २०२४ ला फाबियान हुर्झेलर, वय ३१, झांक्ट पाउलीला वरच्या लीगमधे चढवलेला. प्रीमियर लीगमधला सगळ्यात तरुण कायमचा हेड कोच. मालक टोनी ब्लूम हा माणूस मुळात सट्ट्याच्या गणितातला, त्यामुळं आकडे त्याला कुणी शिकवायला नकोत. ब्रेंटफर्डनं तर थॉमस फ्रँक टॉटनहॅमला गेल्यावर बाहेर बघितलंच नाही, आपल्याच सेटपीसच्या (फ्री किक, कॉर्नर वगैरेच्या) कोचला, कीथ अँड्र्यूजला, बसवलं. पेपरवाल्यांनी नाकं मुरडली.

⸻

संभाजीनगरचा_बव्हेरियन

सरांचं वाचायला छान वाटतं पण मला पटत नाही. क्रम, यादी, आकडे वगैरे जिंकल्यावर सांगायच्या गोष्टी आहेत.

आमच्या बायर्न म्युनिकचं बघा. २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं की टुखेल उन्हाळ्यात जाणार. त्यानंतर जे झालं त्याला शोध म्हणायचं की वरात, तुम्हीच ठरवा. आलोन्सो, नाही म्हणाला. नागेल्समान, जर्मनीच्या टीमचा करार वाढवून बसला. रांगनिक, ऑस्ट्रिया सोडत नाही म्हणाला. ग्लासनर, क्रिस्टल पॅलेसनं सोडला नाही. मग परत टुखेललाच विचारलं, थांबतोस का बाबा! तोही नाही म्हणाला. शेवटी मे महिन्याच्या अखेरीला कुणाला आणलं? व्हिन्सेंट कोंपनीला, ज्याची बर्नली २४ पॉइंटवर प्रीमियर लीगमधून खाली गेली होती. माझ्या ऑफिसातल्या डॉर्टमुंडवाल्यानं त्या आठवड्यात पेढे वाटले. आणि २०२४-२५ ची लीग कोणी जिंकली? आम्ही.

दुसरं, तुमच्या आदर्श लिव्हरपूलचं पुढं काय झालं ते सर सोयीस्कर विसरले. तोच स्लॉट, त्याच वरच्या खुर्च्या, २०२५ च्या उन्हाळ्यात खेळाडूंवर पाण्यासारखा पैसा, आणि नोव्हेंबरपर्यंत १२ पैकी ९ मॅच हरले. मग आकडे कुठं गेले होते?

⸻

पीटीचे_सर

बव्हेरियन साहेब, विसरलो नव्हतो, पण आधीच लांबलं होतं. तुमचे दोन्ही मुद्दे वजनाचे आहेत.

कोंपनीचं असं. जी नावं नाही म्हणाली ती वेगवेगळ्या तऱ्हेची होती, हे मला मान्य, वरातच होती ती. पण शेवटी जो घेतला त्याच्याबद्दल त्यांनी काय बघितलं? बर्नली खाली गेली ती बचावाची फळी पुढं नेऊन खेळायचा हट्ट धरल्यामुळं, तेवढ्या ताकदीचे खेळाडू नसताना. तसा खेळ बायर्नच्या केन आणि मुसियालाकडून करून घेतला तर? टेबल बघून कोणी त्याला बोलावला नसता. असलाच प्रकार लिव्हरपूलनं २०१५ ला क्लॉपच्या बाबतीत केला होता. क्लॉपचं डॉर्टमुंड त्या आधीच्या हंगामात फेब्रुवारीत तळाला होतं, शेवटी सातवं. लोक म्हणायला लागले, संपला हा. लिव्हरपूलचा आकडेवाला इयन ग्रॅहम, मूळचा भौतिकशास्त्राचा डॉक्टर. त्यानं एकेका मॅचच्या संधी मोजल्या आणि सांगितलं, खेळ बायर्ननंतर ह्यांचाच, फक्त बॉल जाळीत जात नव्हता. मग म्युनिकला कोंपनीच्या वेळी कुणी असं गणित मांडलं का, की देव पावला, हे तुम्हीच सांगा.

स्लॉटच्या दुसऱ्या हंगामाचं मात्र तुम्ही माझ्याच बाजूनं बोललात. पहिल्या वर्षी जुनी टीम, नवा कोच, लीग. दुसऱ्या वर्षी कोच तोच, टीम अर्धी नवी, आणि घसरगुंडी. कोच चांगला की वाईट हे त्याच्या एकट्याच्या अंगात नसतं. त्यात दियोगो जोटाचं जुलैत झालेलं निधन. अशा ड्रेसिंग रूमचं कुठल्या तक्त्यात मांडणार? तिथं मी आकड्यांना नावं ठेवत नाही आणि माणसांनाही.

आता परदेश पुरे. आपल्या देशाच्या टीमचा शोध विसरलात का सगळे? क्लब नाही, पण इतका मसालेदार शोध कुठं झाला नसेल.

२०२४ च्या जूनमधे कोच स्टिमाचला काढलं, करार २०२६ पर्यंतचा होता त्यामुळं तडजोडीत ४ लाख डॉलर गेले. मग मानोलो मार्केझ, तोही एफसी गोवा सांभाळत सांभाळत. वर्षभरात तो गेला. जुलै २०२५ ला भारतीय फुटबॉल फेडरेशननं रीतसर जाहिरात दिली. औसारोड, तू विचारलंस ना अर्ज मागवतात का? मोठे क्लब मागवत नाहीत, ते स्वतः गाठतात, बहुतेक एजंटाच्या मार्फत. फेडरेशनं मागवतात. १७० अर्ज आले. त्यात एक चावीचा! बार्सिलोनाचा चावी हर्नांडेस! बातमी आली की परवडणार नाही म्हणून बाजूला ठेवला. आमच्या स्टाफ रूममधे गणिताच्या सरांनी, ज्यांना फुटबॉलात किती माणसं असतात तेही माहीत नाही, मला येऊन विचारलं, "चावी कोण हो?" दोनच दिवसांत फेडरेशनचा खुलासा, चावीचा आणि ग्वार्दिओलाचा, दोन्ही मेल खरे नव्हते. एका पोरानं ईमेल पाठवून देशाला दोन दिवस खेळवलं.

पण त्या गमतीत खरी गोष्ट बाजूला पडली. आय. एम. विजयनच्या समितीनं तीन नावं काढली होती, कॉन्स्टंटाइन, तार्कोविच आणि खालिद जमील. १ ऑगस्टला जमील. सावियो मेदेरानंतर तेरा वर्षांनी भारतीय माणूस कायमचा कोच म्हणून. जमीलला मी ऐझॉलपासून मानतो. आदल्या हंगामात जी टीम खाली गेली होती, वर परत घेतली म्हणून जेमतेम लीगमधे होती, तिला त्यानं २०१७ ला आय-लीग जिंकून दिली. मोहन बागान, ईस्ट बंगाल, बंगळुरू सगळे मागं. त्याच्या टीमचा खेळ बघायला सुंदर नसतो. मागं घट्ट, पुढं लांब बॉल. आहे त्या पोरांत जे जमतं ते तो खेळवतो.

आणि तरीही काय झालं? सप्टेंबरात मध्य आशियाच्या स्पर्धेत ओमानला पेनल्टीत हरवून तिसरा नंबर, आम्ही सगळे हवेत. ऑक्टोबरात गोव्यात सिंगापूरकडून २-१, आशिया कपची वाट बंद. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशकडून १-०. कारण कोच बदलला पण त्याच्या वरचं काय? त्याच वर्षी इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) व्यापारी करार संपत आला आणि नवा झालाच नाही, हंगाम लांबत गेला, खेळाडू मॅचविना. जमीलच्या जागी खरा चावी आणून बसवला असता तरी त्यानं खेळवायचं कुणाला? तेव्हा खेळाडूंना सरावाला लीग नव्हती आणि आपण वाद घालत होतो की कोच देशी पाहिजे का विदेशी.

⸻

हिंगोलीची_कीपर

सर, सगळा धागा वाचला. एवढी नावं झाली आणि एकाही बाईचं नाव नाही म्हणून आलेय.

चेल्सीच्या महिला टीमचा शोध बघा की. एम्मा हेजनं २०२३ च्या नोव्हेंबरातच सांगितलं होतं की हंगाम संपल्यावर मी अमेरिकेच्या टीमला जाणार. बारा वर्षं एकच बाई सगळं बघत होती, म्हणजे तुमच्या फर्ग्युसनसारखंच. पण क्लबाला अख्खा हंगाम हाताशी मिळाला. लियॉनहून सोनिया बोंपास्तोर आणली, जी तिथं खेळाडू म्हणूनही आणि कोच म्हणूनही चॅम्पियन्स लीग जिंकलेली. २०२४-२५ ला लीग एकही मॅच न हरता, शिवाय एफए कप आणि लीग कप. आणि हेजबाईंनी तिकडं जाऊन पहिल्याच उन्हाळ्यात पॅरिसला ऑलिंपिक सुवर्ण. दोन्हीकडं जमलं असा शोध पुरुषांच्यात दाखवा.

आता माझं काम. मी कॉलेजपर्यंत गोलकीपर होते. आता बी.पी.एड. झालंय. औंढ्याच्या बाजूच्या एका शाळेत मुलींची टीम बांधायचीय, संस्थेचं म्हणणं आधी लायसन आणा. कुठून सुरुवात करू?

⸻

पीटीचे_सर

ताई, बोंपास्तोरबाईंचं माझ्या लक्षातच यायला पाहिजे होतं, हेच उदाहरण सगळ्यात चोख आहे. झ्लाटनराव, वाचताय ना?

लायसनचं सांगतो. सुरुवात डी पासून धरा. मग सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. आयएसएलच्या हेड कोचला प्रो लागतं, तुम्हाला सध्या डी पुरे. तो कोर्स फेडरेशनच्या नियमानं राज्य संघटना घेते, आपल्याकडं विफा (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन). तारखा त्यांच्या साइटवर येतात आणि जागा भराभर भरतात, त्यामुळं "उद्या बघू" करू नका. मराठवाड्यात नेमका कधी होईल त्याची वाट बघत बसू नका, पुणे-मुंबईला निघाला तर तिकडंच उरकून घ्या. कोर्समधे लेखी कमी आणि मैदानावर जास्त असतं. तुम्हाला दहाबारा खेळाडू देतात आणि म्हणतात, ह्यांचं एक सत्र घ्या. कीपर असाल तर तुमचं एक बरं आहे, मागून सगळं मैदान बघायची सवय असते. फक्त बोलताना फार लांबण लावू नका, परीक्षक घड्याळ बघतो. (मी असल्या सूचना देतोय हे वाचून माझी पोरं हसतील.)

मुलींच्या टीमचं म्हणाल तर संस्थेला आधी कागदावर विचारा, सराव किती वाजता आणि मैदान कुणाचं. माझा एका शाळेतला अनुभव असा की क्रीडाशिक्षक नेमला, शिट्टी दिली आणि सरावाच्या वेळेला मैदानात जादा तास लावले. मुली घरी कशा जाणार हेही आत्ताच ठरवा. औंढ्याच्या बाजूला शेवटची एसटी चुकली की पालक दुसऱ्या दिवशी पाठवत नाहीत.

आणि मैदान काळ्या मातीचं असेल तर पावसाळ्यात पासिंगचा नाद सोडा. बॉल चार पावलांत मातीचा गोळा होतो, शिलाईत चिखल बसतो, पोरींच्या चपला मैदानातच राहतात. २०१७ ला सरकारच्या मिशन वन मिलियनच्या वेळी शाळांना बॉल मिळाले होते. सप्टेंबर महिना, मैदानात पाय रुतायलेले, तरी अख्खी शाळा बॉलमागं. आमच्याकडचे ते बॉल त्याच हंगामात गेले, कारण धुऊन उन्हात ठेवले आणि पापुद्रे सुटले. सावलीत वाळवा. हवा भरायच्या पिनेला आधी थुंकी नाहीतर तेल लावा, कोरडी घातली तर व्हॉल्व्ह फाटतो. जवळपास मुरमाड तुकडा मिळाला तर तहसीलात विचारून बघा, दोन ट्रॉली मुरूम टाकायला ग्रामपंचायत बहुतेक नाही म्हणत नाही. जुन्या कीपरच्या हातमोज्यांची एक जोडी माझ्याकडं पडून आहे, साइज आठ. लागत असेल तर कळवा, परभणीहून हिंगोलीला कुणीतरी जातच असतं.